इतिहास आणि दुविधा

ठरलं होतं ते चार पानांचं माहितीपत्रक. चारच पानं, त्यातही एक मुखपृष्ठ आणि एक मलपृष्ठ, म्हणजे मजकुराची उरली दोन. एवढ्याशा कामापायी एका सरळमार्गी माणसाची भूक, झोप आणि बत्तीस वर्षांची अब्रू पणाला लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर वेलांटीकाकांनी त्या माणसाचं वाक्य शुद्ध करून दिलं असतं आणि त्यातल्या अर्थाकडे काणाडोळा केला असता.

वेलांटीकाका हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी छापखान्यात ते बत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. लोकांनी लिहायचं, काकांनी तपासायचं. नियमावल्या, अहवाल, समित्यांचे निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांवर नेमलेल्या समित्यांचे निष्कर्ष, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. एका अहवालात एकच पूल तीन वेळा बांधून झाला होता. काकांनी तिन्ही ठिकाणी पुलाचे उकार तपासले आणि सही ठोकली. "मजकूर त्यांचा, वेलांटी माझी," असं ते म्हणत, आणि या तत्त्वावर त्यांना आयुष्यभर शांत झोप लागली.

निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर इमारतीतल्या सूचनांकडे वळली. 'ऊद्या पाणि येनार नाहि' ही चिठ्ठी त्यांनी इतकी मन लावून दुरुस्त केली की येणारा-जाणारा थांबून दुरुस्त्याच पाहायचा. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही तेव्हा कुणाच्याच घरी भरलेलं नव्हतं. नाव पडलं ते त्या दिवसापासून.

वसाहत म्हणजे नदीकाठच्या सहा इमारती, प्रत्येकी तीन मजल्यांच्या. पुढे दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी पाण्यात घुसलेली एक सिमेंटची लादी, आणि डावीकडे दोन फळ्यांचं बाक, ज्याची एक फळी जागेवर होती. पन्नास वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. पण पलीकडच्या काठावर उंचच उंच नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांनी गुळगुळीत कागदावर रंगीत पुस्तिका काढली. पोहण्याचा तलाव काय, धावण्याची वाट काय, सूर्यास्तासाठी राखीव गच्ची काय! ती पुस्तिका या काठावर आली आणि सहाच्या सहा इमारतींना एकदम आपण गरीब असल्याचं कळलं.

"त्यांच्याकडे तलाव आहे," सेक्रेटरी सभेत म्हणाले, "आपल्याकडे अख्खी नदी आहे. आपण का मागे राहायचं? वसाहतीचा इतिहास आणि सुविधा. छापून टाकू. लिहितील आपले काका."

सेक्रेटरी वयाने काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे होते, पण पदामुळे सगळ्यांना काका म्हणायचा त्यांना परवाना होता.

"मी लिहीत नाही," काका म्हणाले. "मी तपासतो."

"मग तपासलेलंच लिहा. वर तुमचं नाव छापू, ठळक."

इथे काका पाघळले. बत्तीस वर्षांत त्यांचं नाव कशावरही छापून आलं नव्हतं. राजीनामा देणाऱ्यांची नावं येत, निलंबित झालेल्यांची येत, तपासणाऱ्याचं कधी नाही. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. "बघा बाई," त्या मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याची चूक काढणं सोपं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून दारावरची बेल वाजू लागली. सुविधांची माणसं आली होती.

पहिले आले कप्तान. हे गृहस्थ एका मालवाहू बोटीवर भांडारप्रमुख होते. सत्तावीस वर्षं त्यांनी बोटीच्या पोटात बसून कांद्या-बटाट्यांवर लक्ष ठेवलं होतं. समुद्र त्यांनी पाहिला तो चढताना आणि उतरताना. पण पाण्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा.

"लादी काय म्हणता तिला?" ते कडाडले. "धक्का आहे तो! बोटी लागतात तिथे."

"कुठल्या बोटी?"

"लागू शकतात."

काकांनी लिहिलं, 'बोटी लागू शकतील असा धक्का.' व्याकरणात काही खोट नव्हती.

मग तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांना आपला दवाखाना 'अत्याधुनिक' हवा होता. काका चाचरत म्हणाले, "पण डॉक्टर, तुमची ती खुर्ची तर..."

"खुर्ची जुनी आहे. दात मी नवेच बसवतो."

जिन्याखाली एक कपाट होतं, त्यात जुनी मासिकं होती आणि त्याची किल्ली हरवल्याला अकरा वर्षं झाली होती. ते 'निवडक ग्रंथसंग्रह' झालं. एका फळीचं बाक 'नदीदर्शन कट्टा' झालं. संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायला लावणारे डास 'समृद्ध कीटकजीवन' या मथळ्याखाली गेले. दोन पानांची सहा झाली, सहाची बारा. काकांना मधूनमधून कसंतरी व्हायचं, पण मजकूर लोकांचा आहे अशी ते मनाची समजूत घालायचे. वर नाव आपलं आहे हे त्यांच्या सोयीस्करपणे ध्यानात यायचं नाही.

एका वाक्यावर मात्र ते अडले. सेक्रेटरींनी सांगितलं होतं, "लिहा, नदीचं पाणी वसाहतीच्या उंबऱ्याला कधीही लागलेलं नाही."

"अहो, कसं लिहू?" काका म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः गॅलरीतून पाहिलंय. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाक तरंगत चाललं होतं आणि त्यावर त्यांचा नंबर लावलेला पेशंट बसला होता."

"म्हणजे पाणी उंबऱ्यावरून गेलं होतं, काका. लागणं वेगळं, वरून जाणं वेगळं. तुमच्यासारख्या भाषेच्या माणसाला मी सांगायचं? आणि पुराचं छापलं तर उद्या आपल्या जागा घेईल कोण?"

काकांनी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. शब्दशः पाहिलं तर वाक्याला धक्का लावायला जागा नव्हती. ते वाक्य पान पाचवर गेलं.

राहिला इतिहास. त्यासाठी काका जुन्या दप्तरांच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "दप्तर क्रमांक?"

"तो कुठे मिळेल?"

"दप्तरात असतो."

"मग दप्तर दाखवा, मी क्रमांक बघून सांगतो."

"क्रमांकाशिवाय दप्तर काढता येत नाही."

काका परतले. तीन दिवसांनी पुन्हा गेले. पाचव्या खेपेला कारकुनाला त्यांची सवय झाली आणि सहाव्या खेपेला त्याने आपण होऊन जुन्या कागदांचा एक कापडी बस्ता पुढे टाकला. "बघा यात. सापडलं तर तुमचं नशीब, नाही सापडलं तर माझं." सापडलं. वसाहतीच्या जागेसमोर सुबक अक्षरांत नोंद होती: 'नदीपात्र, उर्वरित भाग मृत जनावरे टाकण्याकरिता राखीव.'

ही नोंद ऐकून वसाहतीच्या समितीने चहाचे कप खाली ठेवले. कप्तानांचं मत पडलं की तिथे आरमाराचा तळ असणार आणि कारकुनाचं वाचण्यात चुकलं असणार. शेवटी बरीच घासाघीस होऊन काकांनी वाक्य तयार केलं: 'पूर्वी शहराच्या सर्व भागांतून जनावरे येथे चिरविश्रांतीसाठी आणली जात.'

"चिर काढा," सेक्रेटरी म्हणाले. "नुसती विश्रांती पुरे."

त्याच सुमारास काका आणखी एका ठिकाणी जाऊन आले होते. शेवटच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीत नावाडीण आजी राहायच्या. वसाहत होण्याआधी त्यांचे यजमान तिथे होडी चालवत. त्यांची झोपडी गेली आणि बदल्यात ही खोली मिळाली. यजमान जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. आजी खिडकीशी बसून दिवसभर नदी बघायच्या.

"इतिहास?" आजी म्हणाल्या होत्या. "अरे बाबा, इथं नदीच होती. तिनं जागा दिली नाही, तुम्ही घेतली. मधूनमधून ती बघायला येते, आहे का सगळं जाग्यावर. बस, सांगते."

काका बसले नाहीत. समितीची सभा होती आणि आजींच्या सांगण्याला कागद नव्हता. पुस्तिकेत आजी 'एक ज्येष्ठ रहिवासी' एवढ्या आल्या, तेही ग्रंथसंग्रहाच्या खाली.

पुस्तिका छापून आली. गठ्ठा घरी आल्यावर काकांनी पहिली प्रत हातात घेतली, वास घेतला, आपलं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मोठ्या समारंभाने ती काकूंच्या हातात दिली.

काकूंनी मुखपृष्ठ वाचलं. "अहो, हे मुद्दाम केलंय का?"

"काय?"

"आपली वसाहत: इतिहास आणि दुविधा."

काकांनी पुस्तिका हिसकावून घेतली. होतं. बोटभर उंचीच्या निळ्या अक्षरांत 'दुविधा' होतं. आतल्या बारा पानांत एक अनुस्वार चुकलेला नव्हता, तीनदा तपासलं होतं, आणि मुखपृष्ठाच्या प्रूफावर त्यांची स्वतःची सही होती. छापखान्यात नव्या माणसांना ते नेहमी सांगत, मोठी चूक मोठ्या अक्षरांत लपते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

सेक्रेटरींना मात्र ती चूक दिसलीच नाही. त्यांनी उत्साहाच्या भरात पुस्तिकेच्या प्रती शहरातल्या यच्चयावत कार्यालयांना पाठवून दिल्या. विभाग कार्यालयाला तर तीन.

पंधरा दिवसांनी विभाग कार्यालयाचं पत्र आलं.

इथे एक सांगायला हवं. नदीकाठाला पुराची भिंत बांधून मिळावी म्हणून वसाहत गेली नऊ वर्षं अर्ज करत होती. नऊ वर्षांत यादीतला एकोणचाळिसावा क्रमांक सरकत सरकत पहिला झाला होता. पत्रात लिहिलं होतं: 'आपल्याच प्रकाशनाच्या पान पाचनुसार नदीचे पाणी आपल्या उंबऱ्याला कधीही लागलेले नाही. तसेच आपल्याकडे धक्का, ग्रंथसंग्रह, दर्शन कट्टा आदी सुविधा विपुल असल्याचे पाहून समाधान वाटले. सबब भिंतीचे काम अधिक गरजू वसाहतीकडे वळवण्यात येत आहे.' अधिक गरजू म्हणजे पलीकडची निघाली. तिथे माणसं चौथ्या मजल्यापासून वर राहत होती आणि खाली फक्त गाड्या.

त्या संध्याकाळी सभा झाली. सभा कसली, काकांचा पंचनामाच.

"धक्का कुणी लिहायला सांगितला होता?" कप्तान म्हणाले.

"तुम्ही!"

"मी बोललो. बोलण्यात माणूस काहीही बोलतो. तुम्ही लिहिलंत!"

"उंबऱ्याचं वाक्य यांचं आहे," काकांनी सेक्रेटरींकडे बोट दाखवलं.

सेक्रेटरींनी पुस्तिका उघडून नाकासमोर धरली. "यावर नाव कुणाचं आहे, काका? वाचा तुम्हीच. ठळक आहे."

दातांचे डॉक्टर काकांच्या जबड्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर चांगली नव्हती. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर होता. तळमजल्यावरची आणखी अकरा घरंही मान खाली घालून बसली होती. त्यांतल्या एका बाई हळूच म्हणाल्या, "गेल्या वेळी दोन दिवस माळ्यावर बसून काढले होते, काका. तुम्ही वरून दोरीने पिण्याचं पाणी सोडलं होतंत आम्हाला." हे बाकी सगळ्यांच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी काका विभाग कार्यालयात गेले. भिंतीचं खातं पाहणारे इंजिनियर साहेब तरुण आणि सभ्य होते, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

"साहेब, पुस्तिकेत चूक आहे. पूर येतो. एकोणीस वर्षांपूर्वीच आला होता."

"असेल. पण तोंडी सांगणं आणि छापील मजकूर यांत आम्हाला छापील धरावं लागतं."

"तुमच्या कार्यालयात त्या वर्षीची नोंद असेल ना?"

"त्या वर्षीचे कागद नाहीत. पुरात भिजले."

"म्हणजे पूर आला होता!"

"हे मी तोंडी सांगतोय," साहेब म्हणाले आणि जरा ओशाळले. "असं करू, पुढच्या मंगळवारी मी पाहणीला येतो. परिस्थिती तशी वाईट असेल तर वरती तसं लिहीन."

वसाहतीत जाहीर झालं की मंगळवारी परिस्थिती वाईट हवी. जी माणसं महिनाभर सुविधा वाढवत होती ती आता सुविधा लपवायच्या मागे लागली. बाकाची उरलेली फळी काढून ठेवली. पायऱ्यांवर चिखल आणून टाकला. ग्रंथसंग्रहाचं कपाट भिंतीकडे तोंड करून फिरवलं. सेक्रेटरींनी सगळ्यांना जुने कपडे घालायला सांगितलं आणि कुणी हसायचं नाही अशी ताकीद दिली.

मंगळवारी ऊन इतकं कोवळं पडलं होतं की नदी सोन्याची दिसत होती. वारा मंद होता. चिखल टाकलेल्या पायऱ्यांवर कुठून तरी बगळे येऊन बसले होते. इंजिनियर साहेब आले आणि पाच मिनिटं नुसते बघत राहिले. "वा!" ते म्हणाले.

"साहेब, ही निव्वळ लादी आहे," काकांनी घाईघाईने सुरुवात केली. "शेवाळलेली, निसरडी, कुणी पायसुद्धा..."

"लादी?" मागून कप्तान गरजले. ठरलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून क्षणात गेलं होतं. "साहेब, माझ्याबरोबर या. सत्तावीस वर्षं पाण्यावर काढलीत मी. उभे राहा इथे. हलतंय का काही? शंभर टनांची बोट लावा!" आणि ते स्वतः त्या लादीवर दोनदा उड्या मारून दाखवून आले. लादी नेमकी त्या दिवशी घट्ट राहिली.

परतताना साहेबांनी गालावर हात धरला. दाढ दुखत होती. डॉक्टरांमधला डॉक्टर जागा झाला. त्यांनी साहेबांना त्या जुन्या खुर्चीत बसवलं आणि दहा मिनिटांत, साहेबांना न कळता, दाढ काढून हातात दिली. साहेब भारावून गेले. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी कागदावरच लिहिलं, 'अत्याधुनिक.' तोच कागद पुढे पाहणी अहवालाला जोडला गेला.

भिंत गेली ती गेली. लोक आपापल्या घरी गेले. काका एकटेच काठाकाठाने चालत राहिले आणि शेवटच्या इमारतीपाशी आल्यावर त्यांना नावाडीण आजींनी खिडकीतून हाक मारली. "आज तरी बस की."

काका दारापाशी आले आणि चौकटीला हात टेकून उभे राहिले. बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी वाकून पाहिलं. लाकडात पटाशीने खोल चर पाडलेला होता. त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरा. आणि तिसरा काकांच्या छातीशी.

"आजी, हे काय?"

"ह्यांनी पाडलेत. पाणी उतरलं की पहिलं ते काम. म्हणायचे, माणसं विसरतात, लाकूड विसरत नाही."

"कुठल्या वर्षीचे?"

"वर्ष मला काय ठाऊक? खालचा, धाकटी पोटात होती तेव्हाचा. मधला, थोरलीचं लग्न ठरून मोडलं तेव्हाचा. बरं झालं मोडलं, मुलगा चांगला नव्हता. वरचा तर तुझ्यासमोरचाच."

काका बसले. दोन तास बसले. धाकटीचं वय, थोरलीच्या मोडलेल्या लग्नाची हकिगत, कुठल्या साली होडी वाहून गेली आणि कुठल्या साली सापडली, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते वीज कार्यालयात गेले. तिथे एका जाड नोंदवहीत तळमजल्याच्या मीटरांची पानं होती. अगदी त्याच तीन वर्षांत सगळे मीटर एकाच आठवड्यात बदललेले होते. कारण: 'पाण्यात बुडाले.' काकांनी त्या नोंदीच्या सही-शिक्क्याच्या नकला घेतल्या. 'बुडाले'तला उकार दोन ठिकाणी चुकला होता. त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

आता प्रश्न उरला छापील मजकुराचा. छापलेलं खोडायला दुसरं छापलेलंच लागतं, आणि त्याला छापखान्यात एक जुना, मानाचा शब्द होता: शुद्धिपत्र. आयुष्यभर काकांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांची शुद्धिपत्रं लावली होती. त्या आठवड्यात ते स्वतःच्या पुस्तकाचं लिहायला बसले.

पान तीन, ओळ चार, 'धक्का' याऐवजी 'लादी' वाचावे. त्याच ओळीतले 'बोटी लागू शकतील असा' हे शब्द गाळावेत. पान पाच, 'कधीही लागलेले नाही' याऐवजी 'तीन वेळा घरात शिरले, शेवटच्या वेळी छातीपर्यंत' असे वाचावे. पुरावा, खोली क्रमांक एकच्या दाराची चौकट आणि सोबतच्या नकला. असं एकेक करता करता शुद्धिपत्र चौदा पानांचं झालं. मूळ पुस्तिका बारा पानांची होती.

सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा गदारोळ उठला. प्रत्येकाला दुसऱ्याची सुविधा खोडायला हरकत नव्हती.

"कट्टा राहू द्या, लादीचं काय ते करा," एकजण म्हणाला. कप्तान म्हणाले, "धक्क्याला हात लावाल तर याद राखा." सेक्रेटरी तर उभेच राहिले. "मेलेली जनावरं? छापणार तुम्ही? मेलेली?"

"नोंद तशीच आहे."

"समितीची परवानगी नाही! सांगून ठेवतो!"

काका आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभे राहिले. "परवानगी कशाला हवी?" ते म्हणाले. "नाव माझं आहे ना? ठळक आहे."

मग दातांचे डॉक्टर उठले. "माझं 'अत्याधुनिक' काढा," ते म्हणाले. "खुर्ची एकोणीस वर्षांपूर्वी दोन दिवस पाण्याखाली होती. तेव्हापासून ती खाली जाते, वर येत नाही." त्यांच्या पाठोपाठ माळ्यावर बसलेल्या बाई उठल्या, आणि मग एकेक करत तळमजल्याची अकराही घरं.

शुद्धिपत्राच्या शेवटी काकांनी एक ओळ लिहिली आणि ती लिहायला त्यांना बाकीच्या चौदा पानांपेक्षा जास्त वेळ लागला. 'वरील सर्व चुका मुद्रणाच्या नसून लेखकाच्या आहेत.'

काकूंनी ते सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपाशी त्या जरा थांबल्या, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाल्या, "मुखपृष्ठावरची दुविधा राहिली की दुरुस्त करायची."

"राहू दे ती," काका म्हणाले. "पुस्तकात तेवढंच खरं छापलंय."

छापील शुद्धिपत्र घेऊन काका विभाग कार्यालयात गेले. इंजिनियर साहेबांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग त्यांनी वसाहतीत येऊन चौकटीचे तिन्ही चर फूटपट्टीने मोजले. "असा कागद आजवर आला नाही आमच्याकडे," ते म्हणाले. "लोक चूक झाली असं तोंडीसुद्धा सांगत नाहीत." तरीही कारभार तो कारभारच. शुद्धिपत्राला शुद्धिपत्र म्हणून आवक क्रमांक द्यायचा की नवं प्रकाशन म्हणून, यावर दोन महिने गेले. पण भिंत परत आली.

आणि अशी आली की बघत राहावं. कार्यालयाने छातीपर्यंतचं पाणी धरून, वर सावधगिरी म्हणून आणखी तेवढीच उंची ठेवली. तळमजल्याच्या प्रत्येक खिडकीसमोर करड्या रंगाची भिंत उभी राहिली. नदीकाठच्या वसाहतीत खालच्या बारा घरांतून नदी दिसेनाशी झाली. पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनासुद्धा ती बघायला खुर्चीवर चढावं लागे. लोक जिन्यात काकांना अडवून विचारू लागले, एवढी उंच कशाला मागितलीत? काकांना सगळ्यात जास्त खात होती ती नावाडीण आजींची खिडकी. ते तिकडून जायचं टाळू लागले.

दुसऱ्या वर्षी, चार दिवस झड लागल्यावर, पाणी आलं. दुपारी आलं आणि भिंतीमागे घोंगावत राहिलं. वसाहतीत फक्त आवाज येत होता. माणसं एकेक करून गच्चीवर चढली. दातांच्या डॉक्टरांनी आणि काकांनी मिळून आजींना खुर्चीत बसवून तीन मजले वर नेलं. वर पोहोचेपर्यंत काकांचा श्वास फुलला होता.

पलीकडे, अलीकडे, सगळीकडे लाल पाणी होतं. लादी केव्हाच दिसेनाशी झाली होती. कप्तान टोपी काढून उभे होते. आजींनी खुर्ची कठड्याजवळ सरकवून घेतली. वर्षभरानंतर त्या नदी बघत होत्या.

"आजी, भिंत नसती तर कुठवर आलं असतं?" माळ्यावर बसलेल्या बाईंनी विचारलं.

आजींनी आजूबाजूला पाहिलं, अंदाज घेतला आणि डॉक्टरांच्या गळ्याकडे बोट केलं. "इथवर."

डॉक्टरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"खिडकी गेली तुमची," काका हळू आवाजात म्हणाले. "माझ्यामुळे."

"गेली," आजी म्हणाल्या. "रोज शिव्या देते मी तुला. विटा बघत बसते नि शिव्या देते." त्यांनी लुगडं जरा वर करून आपले कोरडे पाय समोर धरले, निरखून पाहिले. "आज नाही दिल्या."

तेवढ्यात सेक्रेटरी गर्दीतून पुढे आले. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे अभिमानाने पाहिलं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भिंत हीच आपली खरी सुविधा. काका, दुसऱ्या आवृत्तीत घ्या हे. कल्पना कुणाची, तेही येऊ द्या."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. "लिहून द्या," ते म्हणाले, "आणि खाली तुमची सही करा." मग ते आजींच्या खुर्चीशेजारी गच्चीच्या ओल्या फरशीवरच मांडी घालून बसले आणि पाणी उतरायला लागेपर्यंत तिथून हलले नाहीत.